फाईल काखेत, झाडू कपाटात

तिचं नाव मी लिहीत नाही. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, "लिही की, मी काय दरोडा घातलाय?" पण तिच्या सुना अजून तिच्या गावात, नवलाख उंबऱ्यात, आहेत आणि त्यांच्या तोंडाला मी भिते. कंपनीत आम्ही सगळ्या तिला आक्का म्हणायचो. तेवढं पुरे.

आक्का केस रंगवायची, पण फक्त पुढचे. कानापासून पुढं काळेभोर, मागं पांढराशुभ्र अंबाडा. बाजूनं पाहिलं तर दोन बायका एकमेकींना पाठ लावून बसल्यासारख्या वाटायच्या. नवी होते तेव्हा मला वाटलं, रंग संपला असेल. पुढच्या महिन्यातही तेच. मग मी न राहवून म्हटलं, "आक्का, मागचे ऱ्हायले."

"ऱ्हायले न्हाईत. मला ते दिसत न्हाईत. ज्यांना दिसत्यात त्यांनी रंगवावं."

मला हे फार उर्मट वाटलं. त्या काळात मी एक आरसा पुढं आणि एक मागं धरून अंबाडा घालणारी बाई होते.

कंपनी तळेगावच्या पुढं, औद्योगिक वसाहतीत. आम्ही आठ बायका तिथं सफाईला. निळा कोट, निळी टोपी आणि पायात गुडघ्यापर्यंत काळे गमबूट. कंपनी त्याला हाउसकीपिंग म्हणायची. काम म्हणजे फरशा पुसायच्या आणि संडास धुवायचे. इंग्रजी नावानं वास कमी होत नाही.

ती जमीन आधी आक्काच्या सासरची होती. भात निघायचा, मागून हरभरा. वसाहतीत गेली. त्यावर ती रडत बसली नाही, पण विसरलीही नाही. नवा साहेब आला की त्याच्या टेबलाखाली पुसताना सांगायची, "साहेब, पाय उचला. तुमी माज्या हरभऱ्यात बसलाय." साहेब पाय उचलायचे. एकाला मराठी येत नव्हतं. त्यानं हरभरा म्हणजे काय ते शिपायाकडून समजून घेतलं आणि पुढं ती दारात दिसली की आपण होऊन पाय वर घ्यायचा.

कंपनीचा पोछा तिला पटत नसे. पाणी शोषत नाही, नुसतं फिरवतो, म्हणायची. तिनं जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या काठीला बांधून आपला पोछा केला होता. तो खांद्यावर टाकून, निळ्या कोटात, गमबूट वाजवत ती रोज गावातून चालत यायची. वाटेत कुणाचं लग्न असलं तर पोछा मांडवाच्या खांबाला टेकवून आत जायची, अक्षता टाकायची, वेळ असला तर जेवायचीही. एकदा मांडवातल्या कुणीतरी तोच पोछा घेऊन सांडलेली कढी पुसली. आक्का जेवून बाहेर आली, पोछा हुंगला आणि यजमानाला म्हणाली, "मी घेतली न्हाई तेच बरं केलं. आंबलीया."

तिच्याबरोबर दिवस काढणं सोपं नव्हतं. आम्हा प्रत्येकीच्या भाजीत तिला रोज काही ना काही कमी लागायचं. कुणाच्या बारशाला जाऊन बाळ सासूवर गेलंय असं आईच्या तोंडावर सांगायची. लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते ती मनाला लावून घेत नसे, हे खरं. पण आपण लोकांना काय बोललो तेही तिच्या मनाला लागत नसे.

आता मी कोण, ते सांगते.

मी भाजे गावची, लेण्यांच्या पायथ्याची. चौथी पास. मालक गेले तेव्हा मुलगी आठवीत होती. शेजारच्या गावातल्या बाईनं मला कंपनीत लावून दिलं. गावात मी सांगितलं, ऑफिसात लागले, कागद लावायचं काम आहे. चौथी पास बाईच्या हातात कुठली कंपनी कागद देते, असं कुणीच विचारलं नाही. मला वाटलं, माझा चेहराच तसा हुशार असेल.

कंपनीच्या भंगारातून मी एक खाकी फाईल उचलली, नाडीची. रोज सकाळी इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, काखेत फाईल, अशी मी मळवली स्टेशनापर्यंत चालत जायची. फाईल रिकामी असली की वाऱ्यानं फडफडायची, म्हणून आत जुनं कॅलेंडर घडी घालून ठेवलं होतं. वर एक पेनही खोचलेलं असे. त्यातली शाई वाळून वर्ष झालं होतं. कंपनीत पोचले की फाईल झाडूच्या कपाटात ठेवायची आणि कपाटातला झाडू हातात घ्यायचा. संध्याकाळी उलटं.

ऑफिसातली बाई म्हटल्यावर लोक अर्ज घेऊन यायला लागले. रेशनचे, दाखल्याचे, निराधार योजनेचे. मी गंभीर तोंडानं "बघते" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वॉचमनकडून भरून घ्यायची. तो एकदा सुट्टीवर असताना शेजारणीचा अर्ज मीच भरला. पुरुष की स्त्री अशा दोन चौकटी होत्या. मी दोन्हींत खूण केली. म्हटलं, एक तरी बरोबर येईल. अर्ज तालुक्याहून परत आला. शेजारीण म्हणाली, "मावशी, तितला साहेब इचारत व्हता, ह्यो कुणी भरला." मी म्हटलं, "त्यांच्याकडं जुना नियम आसल." बाईनं मान डोलावली. अशी मी बारा वर्षं काढली.

खोटं का बोलले, तेही सांगते. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, छप्पन साली धम्म घेतला आणि गावकीची कामं टाकली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, चावडी झाडायची नाही. चावडीचा झाडू टाकला म्हणून त्यांनी मार खाल्ला होता. पाठीवर वळ होता, म्हातारपणी अंघोळीला बसले की दिसायचा. ते म्हणायचे, "उपाशी ऱ्हावा, पर दुसऱ्याचं आंगण झाडू नगा." ते गेले, आणि मी दुसऱ्याचे संडास धुवायला लागले. हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून फाईल.

एकदा कंपनीत परदेशी पाहुणे येणार होते. सुपरवायझरनं सांगितलं, पाहुणे असेपर्यंत सफाईच्या बायकांनी स्टोअरच्या खोलीत बसायचं, दिसायचं नाही. आम्ही सात जणी गेलो. मी तर फिनेलच्या कॅनमागं अशी दडून बसले, की पाहुणे गेल्यावर सुपरवायझरला मी अर्धा तास सापडले नाही. लपण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आक्का मात्र वऱ्हांड्यात पोछा मारत राहिली. पाहुणे आले तशी कमरेला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "रामराम. जरा कडंनं जावा, वल्लं हाय." पाहुणे कडेनं गेले. एकीनं हात जोडले. सुपरवायझर नंतर तिच्यावर ओरडला, तेव्हा ती म्हणाली, "तुज्या घरी पाव्हनं आल्यावर तू आईला फडताळात घालतोस व्हय?"

त्या दुपारी डबा खाताना तिनं मला विचारलं, "ते रोज काखेत काय मारून येतीस गं?"

"फाईल."

"कशाची?"

"कशाची न्हाई."

"मग टाक की."

मी तिला सगळं सांगितलं. कॅलेंडर, पेन, दोन चौकटी. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "गावाला काय करायचंय? माज्याकडं बघ. मी न्हाई येत पोछा घिऊन? म्हणंनात काय म्हणायचं ते."

मला एकदम राग आला. तिच्यापुढं माझा आवाज कधी चढला नव्हता.

"तुमी झाडू घिऊन गावातनं चालता, तवा लोक म्हणत्यात, बाई मोठ्या घरची, पर कष्टाला लाजत न्हाई. मी चालले तर कोण म्हणंल कष्टाची? म्हणत्याल, शेवटी तितंच आल्या. माज्या सासऱ्यानं झाडू टाकायसाठी मार खाल्लाय, आक्का. तुमाला हे धाडस फुकट मिळालंय."

आक्कानं हातातला घास खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून जाईल.

"मला हे ठावं न्हवतं," ती म्हणाली. मग डब्याकडं बघत म्हणाली, "न्हाई, ठावं व्हतं. मारणाऱ्यात आमचीबी माणसं आसत्याल." डबा तसाच झाकून ती कामाला गेली. त्या दिवशी तिनं कुणाच्या भाजीत खोट काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाईल कपाटात ठेवत होते, तेव्हा मागं येऊन उभी राहिली. "घरी जाऊन इचार केला. तू म्हणतीस ते खरं हाय. माज्यासारखं तुला सोपं न्हाई."

मी मान हलवली.

"पर फाईल वाईटच दिसती," ती म्हणाली.

मुलगी नर्सिंग शिकली आणि तिला वडगावचं स्थळ आलं. मुलगा पोस्टात, वडील निवृत्त मास्तर, आमच्याच समाजातले. बघायला आले तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, "आपण काय करता?" मी म्हटलं, "कंपनीत ऑफिसात असते." मुलगी पोह्यांच्या बशा गोळा करत होती, ती तशीच आत गेली. माझा निळा कोट घरी तीच धुवायची. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "आई, मला विचारलं तर मी खरं सांगणार."

"न्हाई विचारत कोण," मी म्हटलं.

महिन्याभरानं, ऐन दुपारी, वॉचमनचा निरोप आला. वडगावचे कुणी मास्तर गेटवर आलेत, ऑफिसातल्या बाईंना भेटायचंय म्हणतात. मी तेव्हा तळमजल्यावरच्या संडासात ब्रश घेऊन वाकले होते. आक्का शेजारच्या संडासात. मी तिचा हात धरला.

"आक्का, तुमी जावा. त्यांना सांगा, मी मिटिंगात हाय."

"मी न्हाई. खोटं बोललं की ध्यानात ठिवावं लागतं, माज्या डोक्यात येवढी जागा न्हाई. तू जा, मी तुजं हितलं उरकते."

मी कोट काढला, टोपी काढली. साबणानं तीनदा हात धुतले. कपाटातून फाईल घेतली, पेन सरळ केलं, पदर सारखा केला आणि गेटवर गेले. मास्तर झाडाखाली उभे होते.

"जय भीम, ताई. इकडं काम होतं, म्हटलं साखरपुड्याची तारीख समक्ष सांगून जावं. तुमच्या कामात व्यत्यय तर नाही ना?"

"न्हाई, न्हाई. जरा कागदं चालली होती."

मास्तरांची नजर खाली गेली. त्यांच्या मागोमाग माझी गेली. इस्त्रीच्या साडीखाली काळे गमबूट होते, आणि दोन्हींतून पाणी गळत होतं.

मास्तर सज्जन माणूस. त्यांनी नजर वर नेली ती थेट झाडाच्या शेंड्याला, आणि तिथंच ठेवून मला तारीख सांगितली, वेळ सांगितली, किती माणसं येतील ते सांगितलं. जायला निघाले, मग परत वळले. हळू आवाजात म्हणाले, "ताई, कुठलंही काम हलकं नसतं. मी जन्मभर मुलांना हेच शिकवलं. पण आमच्या मंडळींनी चार ठिकाणी ऑफिस म्हणून सांगितलंय. तर ते तसंच राहू द्या."

मी फाईल छातीशी धरून "बरं" म्हटलं.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतकी वर्षं ते खोटं मी एकटी वाहत होते. आता त्याला एक शिकलेला भागीदार मिळाला होता.

राहिली आक्का. कंपनीतल्या कुणालाच बोलवायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण तिला कसं टाळणार? मी म्हटलं, "आक्का, साखरपुड्याला या. फक्त तितं कामाचं काय बोलू नका."

"न्हाई बोलणार. पर मला कोण म्हणून बसवशील?"

"वळखीच्या म्हणून."

"कुठल्या वळखीच्या?"

मी हातातलं फडकं परत पिळायला घेतलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जेवणाचा डबा तेवढा आण." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती बादली घेऊन जिना चढून गेली.

साखरपुडा आमच्या समाजमंदिरात झाला. वडगावची पन्नासेक माणसं आली. विहीणबाई हौशी. माझा हात धरून त्यांनी मला आपल्या नणंदा-जावांमध्ये नेऊन बसवलं आणि सांगितलं, "ह्या आमच्या विहीणबाई. कंपनीत ऑफिसला असतात. सगळे कागद ह्यांच्याच हातात."

त्यातली एक जाडशी बाई, मास्तरांची बहीण, मला म्हणाली, "हो का? कुठल्या खात्यात?"

याचं उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. स्टोअर. एवढाच शब्द. तोंड उघडलं आणि तो शब्द येईना. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी ती कुणासाठी धरली नव्हती. पण तिच्याकडं बघून डोक्यात आलं, आक्काला इथं कोण म्हणून बसवायचं ते मला सांगता आलं नाही. मग मी तरी कोण म्हणून बसलेय?

"ऑफिसात न्हाई," मी म्हटलं. "संडास धुते. फरशा पुसते. बारा वर्षं झाली."

मी हळूच बोलले होते, पण अशा वेळी हॉलात नेमकं कुणी बोलत नसतं. विहीणबाईंनी माझा हात सोडला. मास्तरांनी सवयीनं वर पाहिलं, पण तिथं पंखा होता. माझी मुलगी समोर बसली होती. तिचं तोंड उतरलं असेल म्हणून मी भीत भीत तिकडं पाहिलं. ती माझ्याकडं न बघता नवऱ्या मुलाकडं बघत होती, आता हा काय करतो म्हणून. तो हातातला लाडू संपवत होता. त्यानं तो संपवला आणि तिला पाणी मागितलं.

जाडशी बाई खुर्ची ओढून माझ्याजवळ आली. "मग मला सांगा, बोअरच्या पाण्याचे पिवळे डाग पडतात फरशीवर, त्याला काय लावता हो?"

"ॲसिड. पर पातळ करून. आन खिडकी उघडी ठिवून."

"मी नुसतं ओतत होते."

"नुसतं ओतलं की फरशी जाती."

आणखी दोघी सरकून जवळ बसल्या. साखरपुडा पार पडला. विहीणबाईंनी मात्र माझ्या हातचा चहा घेतला नाही. म्हणाल्या, पित्त झालंय. आपल्याच माणसानं आपल्या हातचा चहा नाकारला की हसावं की रडावं ते कळत नाही. मी तो चहा स्वतःच पिऊन टाकला, थंड होत होता. लग्न वेळेवर झालं. विहीणबाई अजूनही माझ्याशी मोजून मापून बोलतात आणि मीही तेवढंच बोलते.

गावानं माझ्या बारा वर्षांच्या खोट्याला दोन दिवस दिले. पहिल्या दिवशी पाणवठ्यावर बायका गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी चुलतदिरानं दारात येऊन मोठ्यानं विचारलं, "आबांचं नाव राखलंस का गं?" मी म्हटलं, "न्हाई राखलं. पर त्यांच्या नातीला नर्स केलं." तो आल्या वाटेनं गेला. तिसऱ्या दिवशी लेणी बघायला आलेल्या कुणीतरी मोटार भाताच्या खाचरात घातली आणि सगळं गाव ती काढायला गेलं. मला जरा वाईटच वाटलं. इतकी वर्षं मी रोज साडीला इस्त्री केली होती. शेजारणीला तेवढी काळजी पडली. म्हणाली, "मावशी, आता अर्ज कुणाकडं न्यायाचं?"

साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी घरूनच निळा कोट घालून निघाले. हातात आक्काचा डबा. स्टेशनावर एका माणसानं मला थांबवलं. मी छाती पुढं काढून उभी राहिले. त्यानं विचारलं, गाडी वेळेवर आहे का.

आक्का दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर पुसत होती. मी डबा पायरीवर ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. कुणी काय विचारलं, मी काय म्हटलं, विहिणीनं हात कसा सोडला. एकदा सांगून झालं तसं परत पहिल्यापासून सांगितलं. ती पुसत राहिली. माझं बोलणं संपल्यावर तिनं मान वर केली.

"झालं?"

"झालं."

"मग आता हितं का हुबी हाईस?"

मी डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

"शाबासकी पायजे व्हय?"

पाहिजे होती. गाडीत आणि मग कंपनीच्या बसमध्ये मी दुसरा विचारच केला नव्हता. आक्का काम थांबवेल, माझ्या पाठीवर हात ठेवेल, काहीतरी म्हणेल. बारा वर्षं गावाच्या तोंडाकडं बघत काढली, आणि ते सुटलं तशी तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिले होते.

"व्हय," मी म्हटलं. खरं बोलायची सवय नवीन होती.

"न्हाई देत," आक्का म्हणाली आणि तिनं पुढची पायरी पुसायला घेतली.

मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, अजूनही देईल म्हणून. मग खाली गेले. तळमजल्याचे संडास व्हायचे होते.